अवसेला तळं उजळलं

अवसेच्या रात्री तळं उजळलं.
बांधावर बसले होते, सेल वाचवायला बॅटरी विझवून.
एरेटरच्या पंख्यानं पाणी उडवलं
तर थेंबाथेंबाला हिरवट-निळी वात.
हात घातला, बोटं पेटली.
खरं सांगते, आधी हसूच आलं मला.
पाथरीच्या अलीकडं, ह्या चोपणात,
जिथं ज्वारी कधी गुडघ्याच्या वर गेली नाही
आणि बोअरचं पाणी गुरंसुद्धा हुंगून सोडतात,
तिथं एवढा उजेड,
आणि बघायला मी एकटी.

सकाळी जाळीचं ताट वर काढलं.
झिंगे कडेला लागलेले, मऊ पडलेले,
पाठीतून दिसते ती आतड्याची रेघ
रिकामी. दोऱ्यासारखी पांढरी.

मोईज आला परभणीहून, फटफटीवर,
पाणी बाटलीत भरून घेऊन गेला.
तिसऱ्या दिवशी काचेची बशी दाखवली :
तीत हिरवे ठिपके, गोवर उठावा तसे.
"काकू, रात्री चमकत होते ना,
तेच हे."

अकरा वर्षं मी सिव्हिलची फरशी पुसली.
वॉर्ड नंबर चार. बादलीला दोन टोपण फिनाईल.
दिसत नाही ते सगळं वैरी,
एवढंच शिकले होते मी त्या नोकरीत.
म्हणून म्हणाले, ओता की ब्लीचिंग, पोतंभर.
होनरावअप्पा तर पोतं उसवायलाच निघाले.
मोईज म्हणाला, "ओता. सगळे मरतील, बरेवाईट.
मग रिकाम्या घरात आधी कोण शिरतं, सांगा?"
मी काही बोलले नाही.
वॉर्ड नंबर चार वाळायच्या आत
परत कसा व्हायचा, ते मला माहीत होतं.

मग निळं पिंप आलं.
कारखान्याची मळी, तांदळाचा कोंडा, तळ्याचंच पाणी,
आणि वर एक पुडी. राखेसारखी, मेलेली.
मेलेली नाही, झोपलेत, तो म्हणाला,
कोटी कोटी, ओल लागली की उठतात.
दह्याला विरजण लावलं की हलवू नये म्हणतात.
ह्यांचं उलटं. रात्रभर हवेची नळी सोडायची,
पिंप उकळल्यागत बुडबुडत राहतं
आणि अंगाला वास लागतो, ओल्या पोत्याचा, आंबलेल्या भाकरीचा.
एसटीत शेजारची बाई उठून मागं गेली.

तळ्याच्या बुडाशी काळा गाळ होता,
काठी खुपसली की सडकं अंडं फुटायचं.
उष्टं खाद्य, विष्ठा, सोडलेली कात,
सगळं त्यांचंच, झिंग्यांचंच.
अप्पा रोज मूठभर जास्त टाकायचे, माया म्हणून.
मोईजनं ती मूठ धरली.
"अर्धं खाद्य कमी करा, अप्पा.
उपाशी नाही मरत ते. जेवल्या जागीच मरतायत."

पहाटे पहाटे डबा घेऊन मी बांधानं फिरते,
चहाच्या रंगाचं ते पाणी चारी कोपऱ्यांत सोडते.
कुणाला सोडते, ठाऊक नाही.
तोंड नाही त्यांना, नाव आहे पण जीभ वळत नाही.
फिनाईलची बादली धरलेला तोच हात,
आता ह्यांना खाऊ घालतो.
मारताना कधी विचारलं नव्हतं, कोण आहात,
आताही विचारत नाही.

निम्मे झिंगे गेले. लिहून ठेवा, गेलेच.
अप्पांनी वहीत आकडा मांडला आणि पान दुमडलं.
गाळ मात्र हळूहळू तपकिरी झाला,
काठीला माती लागली, मातीच्या वासाची.

पुढच्या अवसेला झोप लागेना.
बॅटरी विझवली. पंखा फिरत होता,
पाणी उडत होतं, दिसत नव्हतं.
खडा मारला. नुसता आवाज आला.
काळंभोर तळं.
हात घातला कोपरापर्यंत,
आणि तो मपला हात
मपल्यालाच दिसेना,
तेव्हा कुठं जीव खाली पडला.